‘नको’ म्हणायची सोय

पुणे

चि. निनाद,


तुझा मेल वाचला, सोबतचा तक्ताही पाहिला. नोकरीचा राजीनामा दिलास, वर्षभर पाठीवर सॅक टाकून फिरायचं नक्की केलंस आणि ‘बाबांची समजूत तू घाल’ हे काम माझ्या गळ्यात घातलंस. दादाशी मी बोलेन. कॉलेजात असताना घरी न सांगता राजमाची करून आलेला माणूस आहे तो. मुलाला अडवणार नाही, फक्त काळजी करत बसेल. पण त्याला मी काय सांगायचं, हे तू पुढच्या गोष्टींचं काय करतोस यावर ठरेल. म्हणून आधी तुला लिहिते.

बेत मला आवडला. थायलंडमधल्या को ताओ बेटावर डायव्हिंग शिकायचं, मग इंडोनेशियात बाली, लोंबोक आणि कोमोडो, मधे रिंजानीची चढाई, नंतर नेपाळात एव्हरेस्ट बेस कॅम्प, तिथून इजिप्तचं दहाब आणि पैसे उरले तर आइसलंड. ठिकाणं शोधून शोधून निवडलेली आहेत. खटकलं ते एवढंच की तक्त्यात एकही दिवस मोकळा नाही. आज डाइव्ह, उद्या पहाटे विमान, परवा डोंगर. अशा तक्त्यात ताप येऊन चालत नाही, समुद्र खवळून चालत नाही आणि मुख्य म्हणजे ‘आज नको’ असं वाटूनही चालत नाही.

डायव्हिंगच्या जगात एक सर्वमान्य नियम आहे. कोणीही, कोणत्याही क्षणी, कोणत्याही कारणासाठी डाइव्ह रद्द करू शकतो. कारण सांगायची सक्ती नाही आणि त्यावरून कोणी कोणाला बोलायचं नाही. पाण्याखाली त्यासाठी खूण आहे. वर केलेला अंगठा. आपल्याकडे त्याचा अर्थ ‘छान’ असा होतो. तिथे त्याचा अर्थ ‘वर चला’. ही विनंती नव्हे. एकाने अंगठा वर केला की जोडीदारानेही वर यायचं. वाद घालायचा असेल तर बोटीवर घालायचा. पहिल्याच वर्गात हे शिकवतात आणि सगळे मान डोलावतात. प्रत्यक्षात मात्र आगाऊ पैसे भरलेले असतात, उद्याच्या फेरीचं तिकीट खिशात असतं, बोटीवर पाच अनोळखी माणसं तयार होऊन बसलेली असतात. ज्याचा एकेक दिवस आणि एकेक डॉलर मोजलेला आहे, त्याचा अंगठा अशा वेळी वर येत नाही. धाडस कमी पडून लोक अडचणीत येतात त्यापेक्षा ‘नको’ म्हणणं महाग पडतं म्हणून जास्त येतात, असं माझं मत आहे. तेव्हा माझा सगळा उपदेश एका वाक्यात सांगते: प्रवास असा आख की ‘नको’ म्हणणं तुला परवडलं पाहिजे.

आता सुरुवातीपासून.

मालवणला तू ‘स्कूबा’ केलंस त्याचा व्हिडिओ अजून तुझ्या व्हॉट्सअ‍ॅपच्या डीपीवर आहे. त्यात इन्स्ट्रक्टरने तुझं सिलेंडर मागून धरलं होतं, जाकिटात हवा किती भरायची ते तोच ठरवत होता, खोली जेमतेम काही मीटर होती आणि तुझ्याकडे श्वास घेण्यापलीकडे काम नव्हतं. समुद्राशी ओळख व्हायला हे उत्तम आहे, पण त्याला डायव्हिंग येणं म्हणत नाहीत. शिकायचंच असेल तर को ताओलाच गेलं पाहिजे असंही नाही. तारकर्लीला आपल्या पर्यटन महामंडळाची संस्था आहे, मुर्डेश्वरजवळ नेत्राणी बेट आहे, अंदमानात स्वराज द्वीप आहे. को ताओ स्वस्त आहे, पाणी उबदार आहे, शाळा पावलोपावली आहेत. म्हणून जगभरचे सॅकवाले तिथे शिकतात. मात्र शाळांच्या गर्दीत दर पाडण्याची स्पर्धाही असते. सर्वांत स्वस्त शाळा शोधत फिरू नकोस. एका इन्स्ट्रक्टरमागे विद्यार्थी किती, हे विचार. आठ ही वरची मर्यादा मानतात. चारपर्यंत असतील तर तुझ्याकडे खरंच कोणीतरी बघत असेल. बोटीवर ऑक्सिजन आहे का, तो दाखवा म्हणावं. एखादा दिवस जास्त लागला तर पैसे किती, हे आधी विचार. ‘एकही दिवस जास्त लागत नाही’ असं उत्तर आलं तर पुढची शाळा गाठ.

पहिल्या प्रमाणपत्राला ‘ओपन वॉटर’ म्हणतात. थोडा अभ्यास, उथळ पाण्यात सराव आणि समुद्रात चार डाइव्ह. ते हाती आलं की १८ मीटरपर्यंत जायची मुभा मिळते, पुढच्या ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ला ३० मीटर, आणि हौशी डायव्हरची शेवटची हद्द ४० मीटर. कोर्समध्ये २०० मीटर सलग पोहावं लागतं आणि १० मिनिटं आधाराशिवाय तरंगत राहावं लागतं. पोहण्यात वेग बघत नाहीत, दम आणि स्वस्थपणा बघतात. निघायला अजून अवधी आहे. रोज सकाळी तलावावर जा.

आणि एक कागद असतो, आरोग्याच्या प्रश्नांचा. त्यात दम्याचा प्रश्न आहे. तुझ्या लहानपणी रात्री-अपरात्री दादा तुला घेऊन दवाखान्यात धावायचा, ते मी विसरलेले नाही आणि तूही विसरू नयेस. एका प्रश्नाला ‘हो’ लिहिलं की डॉक्टरचं पत्र मागतात, त्यात दिवस आणि पैसे जातात. म्हणून बेटावर पोचलेली पोरं सरसकट ‘नाही’ वर खूण करून मोकळी होतात. ती खूण शाळेच्या सोयीची आहे, तुझ्या नाही. का, ते समजायला पाण्याखालचं थोडं विज्ञान लागेल.

समुद्रात दर १० मीटरला दाब एका वातावरणाएवढा वाढतो. म्हणजे १० मीटरवर दाब दुप्पट, २० वर तिप्पट, ३० वर चौपट. तिथे तोंडातला रेग्युलेटर तुला त्या-त्या दाबाची हवा देतो. १० मीटरवर छाती भरून घेतलेली हवा पृष्ठभागावर येईतो दुप्पट जागा मागते, आणि छातीत तेवढी जागा नसते. म्हणून पहिला नियम: श्वास कधीही रोखायचा नाही. घेत राहायचा, सोडत राहायचा. दम्याने एखाद्या श्वासनळीत हवा अडकली तर वर येताना फुप्फुस तिथे फाटू शकतं. यासाठी तो प्रश्न विचारतात. आणि लोक समजतात त्याच्या उलट, सर्वांत जपायचं अंतर शेवटचं असतं. ३० वरून २० वर येताना हवा एक-तृतीयांशाने फुगते, १० वरून शून्यावर येताना दुप्पट होते.

दुसरा मामला नायट्रोजनचा. दाबाखाली श्वास घेताना हा वायू रक्तात आणि चरबीत विरघळत जातो. सावकाश वर आलास तर फुप्फुसांवाटे निघून जातो. घाईने आलास तर सोड्याच्या बाटलीचं झाकण उघडल्यावर होतं ते अंगात होतं: बुडबुडे सुटतात, सांध्यांत, मज्जारज्जूत, कुठेही. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन पुलाचा पाया घालताना नदीच्या तळाशी दाबाच्या हवेत काम करणाऱ्या मजुरांना हेच व्हायचं. त्या पुलाचा मुख्य अभियंता वॉशिंग्टन रोबलिंग याच आजाराने खचला आणि त्याची बायको एमिली हिने वर्षानुवर्षं कामाची सूत्रं सांभाळली. पूल १८८३ मध्ये खुला झाला. किती खोल, किती वेळ आणि वर कसं यायचं याची शास्त्रशुद्ध कोष्टकं जे. एस. हॉल्डेन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी ब्रिटिश नौदलासाठी बकऱ्यांवर प्रयोग करून १९०८ मध्ये मांडली. तुझ्या मनगटावरचा डाइव्ह कॉम्प्युटर त्याच गणिताचा पणतू. मिनिटाला ९ मीटरपेक्षा जलद वर यायचं नाही. ५ मीटरवर ३ मिनिटं थांबायचं. घाटात पाटी असते ना, ‘अति घाई संकटात नेई’? ती खरं तर प्रत्येक डाइव्ह बोटीवर लावायला हवी.

आता तुझा तक्ता उघड. बालीत तुलांबेनला ‘लिबर्टी’ जहाजाच्या सांगाड्यावर दोन डाइव्ह, आणि त्याच रात्री सूर्योदयासाठी बातुर ज्वालामुखी. लोंबोकजवळच्या गिली बेटांवर तीन दिवस डायव्हिंग, दुसऱ्या दिवशी रिंजानी. दहाबला दुपारपर्यंत पाण्यात, रात्रीच्या मिनीबसने सिनाई पर्वत. या तिन्ही ओळी खोडून टाक. डाइव्हनंतर विमानात बसायचं नाही हे सगळ्यांना ठाऊक असतं: एकच डाइव्ह असेल तर निदान १२ तास, लागोपाठ किंवा अनेक दिवसांच्या असतील तर निदान १८, आणि मी म्हणेन सरळ २४. पण विमानात धोका उंचीचा असतो. आतला दाब २४०० मीटर उंचीवरच्या हवेइतका उतरू शकतो. मग त्या उंचीवर पायी गेलं काय आणि उडत गेलं काय, नायट्रोजनला फरक पडत नाही. बातुर १७१७ मीटर आहे, सिनाई २२८५, रिंजानी ३७२६. पर्यटन कंपन्या समुद्र आणि डोंगर एकाच पॅकेजमध्ये विकतात, कारण विकणाऱ्याच्या अंगात नायट्रोजन नसतो. तारकर्लीला खोल डाइव्ह करून त्याच संध्याकाळी आंबोली घाट चढणाऱ्यालाही हा हिशोब सुटलेला नाही. साधा उपाय म्हणजे क्रम उलटा लाव: आधी डोंगर, मग समुद्र. रिंजानीवरून उतर, दोन दिवस पाय दुखू देत, मग गिलीला जा.

तो ‘लिबर्टी’चा सांगाडा मात्र चुकवू नकोस. अमेरिकी मालवाहू जहाज, जानेवारी १९४२ मध्ये जपानी पाणबुडीच्या टॉर्पेडोने जखमी झालेलं. ओढून किनाऱ्याला लावलं आणि तिथेच पडून राहिलं. १९६३ मध्ये आगुंग ज्वालामुखी जागा झाला आणि त्याच्या हादऱ्यांनी जहाज पाण्यात ढकललं गेलं. आज ते ५ ते ३० मीटरच्या मधे आडवं आहे, किनाऱ्यावरून चालत पाण्यात शिरून गाठता येतं, आणि त्याच्या लोखंडावर प्रवाळ इतकं वाढलंय की मूळचा पत्रा शोधावा लागतो. नवख्याला जहाज बघायला याहून सोयीची जागा क्वचित मिळेल. बाहेरून बघ. आत शिरायचं शिक्षण वेगळं असतं, ते घेतल्याशिवाय शिरायचं नाही.

कोमोडोचं म्हणशील तर ती जागा तक्त्यात फार वर आली आहे. प्रशांत महासागराचं पाणी हिंदी महासागराकडे इंडोनेशियाच्या बेटांमधल्या चिंचोळ्या फटींतून वाहतं, त्यात भरती-ओहोटीची भर पडते. त्या प्रवाहांमुळेच तिथे अन्न येतं, म्हणून मांटा येतात, शार्क येतात, म्हणून तूही जातोयस. पण तोच प्रवाह कड्यापाशी माणसाला खाली खेचू शकतो. तशा वेळी प्रवाहाविरुद्ध वर पोहण्यात लोक दम घालवतात. आडवं पोहून त्याच्या पट्ट्यातून बाहेर पडायचं असतं. हे वाचून येत नाही, अंगवळणी पडावं लागतं. आधी शांत पाण्यात भरपूर डाइव्ह कर, ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ पूर्ण कर, मग कोमोडो. आणि तिथेही पहिल्या दिवशी सोप्या जागा माग, त्या आहेत. प्रवाहाने बोटीपासून दूर नेलंच तर दिसायला एक फुगवायचा नारिंगी बोया आणि ऐकू जायला शिट्टी, दोन्ही स्वतःची घे. मास्क आणि डाइव्ह कॉम्प्युटरही स्वतःचा घे. बाकी सगळं भाड्याने मिळतं. सिलेंडरमध्ये साधारण २०० बार हवा असते. ५० उरताना बोटीवर पोचायचं, ५० उरल्यावर निघायचं नाही.

दहाबबद्दल दोन शब्द जास्त लिहिते. तिथल्या ‘ब्लू होल’च्या काठावर, कड्यावर मृतांच्या नावांच्या पाट्या बसवलेल्या आहेत. तुझ्यासारखीच, जग बघायला निघालेली माणसं. त्या विहिरीतून बाहेरच्या समुद्राकडे जाणारी एक कमान आहे, सुमारे ५५ मीटर खोलीवर. पाणी इतकं नितळ की कमानीतला उजेड हाताच्या अंतरावर वाटतो. ३० मीटरच्या खाली नायट्रोजन डोक्यावर चढू लागतो. माणूस खुशीत येतो, अंतराचा आणि वेळेचा अंदाज सुटतो. ५५ मीटरवर हवा पृष्ठभागाच्या साडेसहा पट वेगाने संपते. हौशी माणसाची हद्द ४० मीटरला संपते आणि कमान त्याच्या खाली आहे, एवढं पुरे. गंमत म्हणजे त्या जागेतलं खरं वैभव वरच आहे. सहा-सात मीटरवरून बाहेर पडायची खिंड आहे आणि बाहेरच्या भिंतीवर प्रवाळाचे ताटवे लागलेत. ते बघून परत आलास तर तू काहीही कमी पाहिलेलं नसेल. बोटीवर किंवा चहाच्या टेबलावर कोणी ‘मी कमान केली’ म्हणून सांगू लागला तर ऐकून घे, आणि त्याच्याबरोबर डाइव्हला जाऊ नकोस.

डोंगराकडे वळते. राजगड-तोरणा एका दमात करणाऱ्या पोरांना एव्हरेस्ट बेस कॅम्पवर पहिला फटका बसतो, कारण त्यांचे पाय चांगले असतात. पाय पुढे जातात, रक्त मागे राहतं. लुक्ला २८६० मीटर, नामचे ३४४०, बेस कॅम्प ५३६४. ३००० मीटरच्या वर रोजच्या मुक्कामाची उंची ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवायची नाही आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस त्याच उंचीवर काढायचा. डोकं दुखणं, मळमळ, झोप न लागणं यांना ‘सवय होईल’ म्हणून ढकलायचं नाही. लक्षणं असेपर्यंत वर चढायचं नाही, वाढली तर खाली उतरायचं. तोल जाऊ लागला किंवा बसल्या जागी धाप लागली तर रात्र असली तरी उतरायचं. डायमॉक्सची गोळी डॉक्टरांना विचारून घे, पण ती उतरण्याला पर्याय नाही. समुद्रातून सावकाश वर यायचं आणि डोंगरावर सावकाश वर जायचं. वर्षभर हे एवढं पाळलंस तरी निम्मी चिंता मिटली.

मागे फिरणं कठीण का जातं, याचं सर्वांत गाजलेलं उदाहरण त्याच डोंगरावरचं आहे. १० मे १९९६ रोजी एव्हरेस्टवर दुपारी उशिरात उशिरा २ वाजता मागे फिरायचं असं ठरलेलं होतं. अनेक जण त्यानंतरही वर चढत राहिले. संध्याकाळी वादळ आलं आणि त्या दीड दिवसात आठ माणसं गेली. त्यांत रॉब हॉल आणि स्कॉट फिशर हे दोघे नामांकित मार्गदर्शकही होते. अनुभव त्यांच्याकडे उदंड होता. पण ज्यांनी मोठी रक्कम भरली आहे आणि ज्यांना शिखर समोर दिसतंय, त्यांना मागे फिरवायचं होतं. म्हणून वेळ आधीच ठरव, कागदावर लिही आणि ती पाळायचं काम जोडीदारावर सोपव.

ऋतूंकडेही तक्त्यात दुर्लक्ष झालंय. थायलंडला दोन किनारे आहेत आणि त्यांचे पावसाळे वेगळे. को ताओच्या बाजूला नोव्हेंबर-डिसेंबर वाईट. अंदमान समुद्राच्या बाजूची सिमिलन बेटं मेच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत बंदच असतात. रिंजानी सहसा जानेवारी ते मार्च बंद ठेवतात. नेपाळला मार्च ते मे किंवा ऑक्टोबर-नोव्हेंबर. त्याप्रमाणे क्रम लाव आणि प्रत्येक समुद्रकिनाऱ्यावर दोन, प्रत्येक डोंगराला तीन दिवस रिकामे सोड. ते वाया जाणार नाहीत. काही घडलं नाही तर त्या दिवशी कपडे धू, आईला फोन कर.

विमा हा सर्वांत कंटाळवाणा आणि सर्वांत महत्त्वाचा भाग. साधा प्रवासी विमा डायव्हिंग धरत नाही किंवा ठरावीक खोलीपर्यंतच धरतो. ट्रेकला उंचीची मर्यादा असते. ५३६४ मीटर तीत बसतं का आणि हेलिकॉप्टर धरलंय का, हे लेखी विचार. डायव्हरांसाठी ‘डॅन’ म्हणजे डायव्हर्स अलर्ट नेटवर्क ही संस्था १९८० पासून आहे. तिचं सदस्यत्व घे आणि जिथे जाशील तिथे जवळचं रीकम्प्रेशन चेंबर (पुन्हा दाबाखाली ठेवून उपचार करायची खोली) कुठे आहे ते विचारून ठेव. आणि ज्या गोष्टीकडे तू बघणारही नाहीस ती म्हणजे भाड्याची स्कूटर. आग्नेय आशियात सॅकवाल्यांना जायबंदी करते ती शार्क नव्हे, स्कूटर. दुचाकीचा वैध परवाना आणि हेल्मेट नसेल तर विमा हात वर करतो. पुढे गॅलापागोसचं मनात असल्याचं लिहिलंयस. एक्वादोरहून भारतात परतताना पीतज्वराच्या लशीचं प्रमाणपत्र लागतं, नाहीतर उतरल्यावर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. लस निदान १० दिवस आधी घ्यावी लागते आणि एकदा घेतली की पुरते.

एवढं वाचून तुला वाटेल, आत्या घाबरवते आहे. तसं नाही. मी चाळिशी उलटल्यावर हे शिकले आणि अजून सोडलेलं नाही, त्याला कारण आहे. पाण्याखाली पहिल्या काही मीटरमध्येच लाल रंग नाहीसा होतो, सगळं निळसर-करडं दिसायला लागतं. मग टॉर्च लावायचा. समोरचा करडा दगड एकदम शेंदरी होतो, त्यावरचा पंख्यासारखा प्रवाळ किरमिजी. पॅरटफिश दातांनी प्रवाळ कुरतडतो त्याचा करकर आवाज येतो, आणि तो कुठून येतो ते कळत नाही, कारण पाण्यात आवाज हवेच्या चौपट वेगाने धावतो आणि दोन्ही कानांवर जवळपास एकदमच पोचतो. त्याच माशाच्या पोटातून बाहेर पडलेला चुरा म्हणजे तू ज्यावर टॉवेल पसरणार आहेस ती पांढरी वाळू. तिथे तुला कोणी विचारत नाही की तू कोण, काय करतोस. तुझ्या वयाच्या मुलाला हे भेटावं असं मला मनापासून वाटतं.

पण आपण तिथे पाहुणे. काहीही हाताळायचं नाही. दगड समजून हात टेकलास तर तो स्टोनफिश असू शकतो, आणि खरंच प्रवाळ असलं तर इजा त्याला होते. फिनचा एक फटका कित्येक वर्षांची वाढ मोडतो, म्हणून आधी तरंगायला शिक, कॅमेरा नंतर. को ताओला टायटन ट्रिगरफिश भेटेल. अंडी घातलेली असली की तो अंगावर येतो. त्याचा मुलूख घरट्यापासून वरच्या दिशेने रुंदावत जातो, तेव्हा वर पळू नकोस, आडवा निघून जा. सनक्रीमऐवजी पूर्ण बाह्यांचा रॅशगार्ड घाल. पलाऊ देशाने प्रवाळाला घातक सनक्रीमवर २०२० पासून बंदीच घातली आहे, आणि तिथे शिरताना पासपोर्टवरच्या शिक्क्यावर ‘इथल्या मुलांसाठी हे जपेन’ अशी सही करावी लागते. थायलंडमधला माया बे एका सिनेमाने इतका प्रसिद्ध केला की जून २०१८ मध्ये तो बंद करावा लागला. जानेवारी २०२२ ला उघडला तो पोहण्यावर बंदी घालून. त्यातच पाणी तापतंय. नेहमीच्या उन्हाळी कमालीपेक्षा एखादा अंशच, पण काही आठवडे टिकलं तरी प्रवाळ आपल्या पोटातलं शेवाळ टाकून देतं आणि पांढरं पडतं. असं जगभर होत असल्याचं एप्रिल २०२४ मध्ये चौथ्यांदा जाहीर झालं. तुला जे दिसेल ते तुझ्या मुलांना दिसेलच असं नाही, तेव्हा नीट बघ.

आइसलंडच्या सिल्फ्राचं सांगायचं राहिलं. दोन भूपट्टांच्या मधल्या भेगेतलं ते पाणी दोन ते चार अंशांचं असतं. ड्रायसूटचं शिक्षण असल्याशिवाय डाइव्हला नेत नाहीत. स्नॉर्केल लावून वरून बघायला मिळतं. तेवढ्यावर समाधान मान. वर्षभरात सगळं व्हायला हवं असा कुठे नियम आहे?

तर आता काम असं. तक्ता नव्याने मांड, मोकळे दिवस टाकून. एकूण खर्चाचा निदान पाचवा हिस्सा बाजूला ठेव. तो ‘नको’ म्हणण्यासाठीचा पैसा, त्याला दुसऱ्या कशाला हात लावायचा नाही. विम्याचा कागद मला पाठव. आणि या सगळ्याच्या आधी, तिकीट काढण्याच्याही आधी, छातीच्या डॉक्टरांकडे जा. फुप्फुसांची तपासणी करून घे, लहानपणीचं सगळं खरं सांग आणि डायव्हिंग करता येईल का, हे स्पष्ट विचार. हल्ली दमा होता म्हणून सरसकट नकार देत नाहीत; तपासून ठरवतात. ‘हो’ म्हणाले तर निर्धास्त जा. ‘नको’ म्हणाले तर ते ऐक. डोंगर आहेत, स्नॉर्केल आहे, आणि वर्षभराचं जग उरतंच.

तुझी
आत्या